संतापजनक म्हणावं असं कुलूप

चावीकाकांना आडनाव होतं, पण ते फक्त वीजबिलावर वापरलं जायचं. एरवी सगळी गल्ली त्यांना चावीकाका म्हणायची. त्यांची बायकोसुद्धा रागात असली की 'अहो' सोडून 'चावीवाले' म्हणायची, म्हणजे त्यांना समजायचं की आज जेवण मुकाट्याने जेवायचं.

दुकान गल्लीच्या तोंडाशी. दुकान म्हणजे काय, शेजारशेजारच्या दोन इमारती एकमेकींना धक्का न लावता उभ्या राहिल्या आणि मधे जी फट उरली, तिला कोणीतरी शटर लावलं. आत काका बसले की जागा संपली. गिऱ्हाइकासाठी बाहेर एक बाकडं. भिंतीवर कोऱ्या चाव्यांचे घोस टांगलेले, आणि काकांच्या हाताशी, जुन्या चष्म्याच्या घरात ठेवलेल्या, वाकड्या टोकांच्या बारीक तारा. किल्ली हरवलेलं कुलूप आलं की काका त्यातली एक तार उचलायचे, डोळे मिटायचे, मान कुलपाकडे कलती करायचे आणि आतल्या खुंट्या एकेक करून कानाने मोजल्यासारख्या सरकवायचे. टक्, टक्, टक्, की उघडलंच.

आणि मग निकाल सांगायचे. हा निकाल फार महत्त्वाचा.

एकदा शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई कपाटाचं कुलूप घेऊन आल्या. "किती वेळ ला..." एवढं त्या म्हणतायत तोवर काकांनी ते उघडून त्यांच्या हातावर ठेवलं.

"फार गुणी आहे हो," काका म्हणाले.

बाईंनी ते शाळाभर सांगितलं. आपलं कुलूप गुणी निघाल्याचं त्यांना इतकं कौतुक वाटलं, की त्यांनी परीक्षेच्या प्रश्नपत्रिका त्याच कपाटात ठेवल्या. काकांच्या भाषेत 'गुणी' म्हणजे कोणीही हाक मारावी आणि ज्याने 'ओ' द्यावी असं कुलूप. 'सुस्वभावी' म्हणजे त्याहून वाईट. आणि 'छान' म्हटलं तर ते सरळ भंगारात द्यावं. हे सगळं गिऱ्हाइकांना ठाऊक नसल्यामुळे गल्लीत सगळे आपापल्या कुलपांवर खूश होते.

चांगल्या कुलपासाठी काकांकडे एकच शब्द होता, आणि तो त्यांनी शेजारच्या चष्मेवाल्याकडून उचलला होता. उचलला म्हणजे अक्षरशः त्याच्या हातून काढून घेतला.

चष्मेवाल्याच्या दुकानात गिऱ्हाईक कमी आणि पेपर जास्त. रोज सकाळी तो दारात खुर्ची टाकून, एका हातात चहा घेऊन मोठ्याने बातम्या वाचायचा. "पुलाचा कठडा पुन्हा ढासळला, संतापजनक प्रकार!" एक घोट. "बागेतली बाकं पळवली, संतापजनक!" एक बिस्कीट.

एके दिवशी काकांना राहवेना. "काय रे, तुला संताप आला?"

"कशाचा?"

"बाकं पळवली त्याचा."

"छे बुवा. मी कुठे बागेत जातो?"

"मग छापणाऱ्याला आला असेल."

"त्याला कशाला येतोय? त्याला रोजच छापायचं असतं."

"तुला नाही, त्याला नाही. मग एवढा जनक जन्माला आलाय, त्याचं पोर गेलं कुठे?"

चष्मेवाल्याने पेपर उलटा करून पाहिला. मागे साबणाची जाहिरात होती.

त्या दिवसापासून काकांनी ठरवलं, की एवढा भरदार शब्द असा चहात बुडवून खायला देण्यात अर्थ नाही. त्यांच्या मते भाषेने माणसाच्या रागाची सोय फार ऐसपैस केली आहे, लोकच आळशी. "हे बघ," ते चष्मेवाल्याला समजावून सांगायचे, "नळ ठिबकतोय, ती कटकट. दुरुस्तीवाला 'निघालोच' म्हणाला आणि आलाच नाही, तो वैताग. आला आणि भलताच नळ दुरुस्त करून गेला, म्हणजे चीड. आणि वर म्हणाला की पहिला नळ कुठे बिघडला होता, तर मात्र राग."

"आणि संताप?"

"तो माणूस समोर उभा असेपर्यंत नळ ठिबकत नाही. त्याची पाठ वळली की सुरू. हा संताप. कारण इथे नळ तुझ्याशी खेळतोय. संतापजनक वस्तूला, बाबा, अक्कल असावी लागते. ढासळलेल्या कठड्याला कसली आलीय अक्कल?"

म्हणून काका तो शब्द फक्त कुलपांना द्यायचे, आणि तोही इतक्या काटकसरीने की गल्लीतल्या जुन्या माणसांनी तो त्यांच्या तोंडून एकदाच ऐकला होता. फिरत्या नाटक कंपनीच्या पेटाऱ्याला एक म्हातारं कुलूप होतं. किल्ली हरवली, कपडेपट सगळा आत, आणि पडदा वर जायची वेळ झालेली. काका विंगेत मांडी घालून बसले. पहिला अंक झाला, दुसरा झाला, राजाने बुशशर्टातच राज्य केलं, राणी टॉवेल पांघरून शोक करत होती, आणि तिसऱ्या अंकात राजा मेल्यावर कुलूप उघडलं. काकांनी कपाळाचा घाम पुसला, कुलपाला हात जोडले आणि म्हणाले, "वा! संतापजनक!" प्रेक्षकांना वाटलं, नाटकाबद्दल बोलतायत. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

अशा माणसाच्या पोटी चिमटी जन्मली. तिचंही खरं नाव दुसरंच, पण रांगायला लागल्यापासून बापाच्या चिमट्याला जी लोंबकळली ती लोंबकळलीच. आता तिशीची झाली होती. चाव्या घासायला तिच्याएवढा साफ हात गल्लीत कोणाचा नव्हता. अलीकडे काकांची नजर कमी झाल्यापासून निम्मं दुकान तीच चालवत होती, फक्त तिने बाकड्यावर बसून चालवायचं आणि काकांनी आत बसून 'माझं दुकान' म्हणायचं, एवढाच फरक.

"बाबा, दुकान माझ्या ताब्यात द्या की आता," ती म्हणायची.

"देईन. तू घडवलेलं कुलूप मला ज्या दिवशी संतापजनक वाटेल, त्या दिवशी मी उठलो बघ. तोवर चाव्या घास."

हे वर्षानुवर्षं चालू राहिलं असतं. पण चष्मेवाल्याला त्याच्या दुकानात पूर्ण उंचीचा आरसा लावायचा होता. 'चष्मा पायापासून बघायचा असतो का?' असं काकांनी विचारूनही त्याचा हट्ट सुटेना. मधली भिंत पाडून ही फट त्याला हवी होती. आणि काकांनी, गुडघे दुखत असताना, एका बेसावध दुपारी त्याला कबूल केलं, की वर्ष संपेपर्यंत चिमटीचं काही जमलं नाही, तर फट तुझी.

चिमटीने हे ऐकलं. ती हातातली चावी घासत राहिली. ती भांडली असती तर काका निर्धास्त झाले असते.

त्याच सुमारास डॉक्टरांनी काकांची साखर बंद केली.

आता विचार करा. घरात साखर आहे, बिस्किटं आहेत, काकांच्या आवडत्या संत्र्याच्या गोळ्यांची बरणी आहे, आणि हे सगळं ज्याच्यापासून लपवायचं तो माणूस जन्मभर कुलपं उघडत आलाय. काकूंनी सगळा गोड माल स्वयंपाकघरातल्या भिंतीच्या कपाटात कोंबला आणि बाजारातून चांगलं जाडजूड कुलूप आणून लावलं. संध्याकाळी बघतात तर कुलूप जसंच्या तसं, आणि काका तोंड मिटून नाकाने बोलतायत.

"गोळी आहे तोंडात!"

"हुं हुं."

"आ करा!"

काकांनी 'आ' केला. जीभ केशरी.

"अहो, डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर म्हणाले साखर कमी करा. कुलूप चांगलं लावा म्हणाले असते तर मी त्यांना मानलं असतं."

काकू तडक लेकीकडे गेल्या. "तुला दुकान हवंय ना? मला तुझ्या बापाचं तोंड बंद करायचंय. तू एक कुलूप घडव. दोघींचं काम होईल."

पहिलं कुलूप रेड्याच्या डोक्याएवढं होतं. काकांनी ते चहाला आधण यायच्या आत उघडलं आणि त्याच्या कडीत गोळीचा कागद अडकवून ठेवला. "छान आहे," संध्याकाळी ते म्हणाले. चिमटीचा चेहरा पडला. दुसऱ्या कुलपाचं किल्लीचं भोक खाली, पोटाशी लपवलेलं होतं. काकांनी ते जमिनीवर उताणं झोपून उघडलं. काकू म्हणाल्या, "लाज नाही वाटत, या वयात कपाटाखाली शिरायला?" काका म्हणाले, "सुस्वभावी आहे. पोटावर हात फिरवला की उघडतं." तिसरं गुणी निघालं.

वर्ष सरत आलं. चष्मेवाला येता-जाता भिंतीवर आरशाची मापं घ्यायला लागला.

मग चिमटी कुलपं घडवायची थांबली. दुकानाबाहेरच्या बाकड्यावर बसून राहायची आणि काका कुलूप उघडताना टक लावून बघायची. कुलपाकडे नव्हे, काकांकडे.

"काय बघतेस गं?"

"तुमचा कान."

"कानात काय आहे बघण्यासारखं?"

"मळ आहे."

काकांनी त्या दिवशी आंघोळीत कान दोनदा धुतले. पण मनातून ते खट्टू झाले. पोरीने हात टेकले असं त्यांना वाटलं. खरं सांगायचं तर त्यांची पंचाईत झाली होती. लेकीचं कुलूप उघडलं तर गोळी मिळणार, पण फट चष्मेवाल्याची होणार. नाही उघडलं तर दुकान लेकीचं, पण मग चहा आयुष्यभर कडू. त्यांना दोन्ही हवं होतं आणि दोन्ही एकाच कपाटात होतं. खोटं खोटं हरायचं त्यांना सुचलं नाही असं नाही. पण तार हातात घेतली की हात ऐकायचाच नाही. चोरालासुद्धा इतकं प्रामाणिक राहता येत नसेल.

आणि एका सकाळी कपाटावर चौथं कुलूप दिसलं. लहानसं, पितळी, एखाद्या भाबड्या बाळासारखं तोंड. काकांनी चष्मा वर करून बघितलं आणि सुस्कारा सोडला. "हे तर नुसत्या फुंकरीने उघडेल," ते पुटपुटले. दुपारी काकू बहिणीकडे गेल्या, चिमटी दुकानात होती. काकांनी चहा टाकला, ओट्याखालून पाट ओढून घेतला, तार निवडली आणि डोळे मिटले.

टक्. टक्. टक्. टक्. आणि कुलूप वळलं.

काकांनी गोळीच्या बरणीकडे जाणारा हात अर्धा उचलला. पण कुलूप वळलं ते केसभरच, कडी थरथरली, आणि बस्स. थांबलं.

"अगो बाई," काका कौतुकाने म्हणाले. पुन्हा पहिल्यापासून. टक्, टक्, टक्, टक्, वळलं, कडी थरथरली, थांबलं. चहा उतू गेला. काकांनी गॅस बंद केला. ही कटकट झाली.

तार बदलली. पुन्हा तेच. आता तर कडी आणखी जराशी वर आली असा भास झाला, जणू म्हणतेय, आलेच हं, पदर सावरते आणि येते. आली नाही. हा वैताग. तिसरी तार. मग चौथी. ज्या 'टक्'वर काकांनी स्वतःच्या लग्नाहून जास्त विश्वास ठेवला होता, ती 'टक्' खोटं बोलत होती. खुंटी बसल्याचा आवाज द्यायची आणि बसायची नाही. कार्टीने त्यांच्या कानाचंच माप घेऊन कुलूप बेतलं होतं!

"ये ना गं शहाणे," काका म्हणाले. मग म्हणाले, "येतेस की नाही?" मग म्हणाले, "निर्लज्ज!" पाटावरून उठले, एक फेरी मारली, परत बसले. घामाने चष्मा नाकावरून घसरायला लागला. कुलूप वळलं, थरथरलं, थांबलं. आणि जन्मात कधी आवाज न चढवलेला हा माणूस ताडकन उभा राहिला, भिंतीवरचा झारा उपसला आणि कुलपावर दाणदाण हाणत ओरडला,

"मेल्या! दळभद्र्या! हरामखोरा! ज्याने तुला घडवलं ना, त्याच्या बापाला जोड्याने मारलं पाहिजे!"

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून डोकावून विचारलं, "काका, कोण आलंय का?"

"कोणी नाही!" काका ओरडले, आणि तेवढ्यात त्यांना आपण नेमकं कोणाला जोड्याने मारायला निघालो ते लक्षात आलं. पण लक्षात येऊन राग कमी होतो हे ज्याने सांगितलं, तो कधी रागावला नसणार. काकांनी पेचकस आणला. आणि कुलूपवाल्याच्या सात पिढ्यांत कोणी करणार नाही असं काम त्यांनी केलं. बिजागरीचे स्क्रू काढले, चौकटीतला कोयंडाही उपसला. कुलूप जागच्या जागी, कडी जागच्या जागी, आणि दारच मोकळं. समोर साखर, बिस्किटं, बरणी. काकांनी एक गोळी तोंडात टाकली, दार मांडीवर घेतलं आणि पुन्हा त्या कुलपात तार घातली. गोळी चघळायची राहून गेली. ती गालात तशीच बसून होती, पाहुणीसारखी.

काकू आल्या तेव्हा हे दृश्य.

"अहो, दार मांडीवर घेऊन काय बसलात?"

"कपाटात हवा खेळत नव्हती."

काकूंनी बरणी बघितली, बिजागऱ्या बघितल्या, पोचे पडलेला झारा बघितला. ओरडायला तोंड उघडलं, आणि मग नवऱ्याचा चेहरा बघितला. लाल, घामाघूम, केस उभे, लग्नात होता त्याहूनही तरुण. "चहा देऊ?" त्या म्हणाल्या. "बिनसाखरेचा."

"दे," काका वर न बघता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीने बघितलं की चावीकाका काखेत कपाटाचं दार घेऊन दुकानाकडे निघालेत.

"काय काका, नवी पाटी?" चष्मेवाल्याने विचारलं.

काका तसेच पुढे गेले. दुकानात चिमटी आतल्या जागी बसून कोणाचीतरी चावी घासत होती. बाप आलेला बघून ती उठायला लागली. पण काका आत शिरलेच नाहीत. बाहेरच्या बाकड्यावर बसले, दार गुडघ्यांवर आडवं ठेवलं आणि आपली पाळी यायची वाट बघत रस्त्याकडे पाहू लागले. आधीचं गिऱ्हाईक घाई करायला लागलं, तर त्यालाच म्हणाले, "थांबावं लागतं हो. कामात आहेत त्या."

चष्मेवाला पेपर टाकून आला. मान तिरकी करून त्याने दार, त्यावरचं कुलूप आणि काकांचे सुजलेले डोळे एकदम बघितले. "उघडलं नाही?" तो आनंदाने म्हणाला. मग आरसा आठवून दुःखाने म्हणाला, "उघडलं नाही?"

"नाही."

"मग म्हणा की तो शब्द! इतकी वर्षं राखून ठेवलात."

काकांनी कुलपावर बोट ठेवलं. "काल दुपारभर मी त्या कुलपाला काय काय म्हणालो ते वरच्या बाईंना विचार. तो शब्द काही एकदासुद्धा आठवला नाही. माणूस खरंच पेटला ना, की असलं लांबलचक काही सुचत नाही बाबा. 'मेल्या' सुचतं. संतापजनक म्हणायला आधी संताप उतरावा लागतो."

"उतरला का आता?"

"कसला उतरतोय! नाटकवाल्यांचं म्हातारं उघडलं तरी शेवटी. ही पोर..." काकांनी दारावर बुक्की मारली. "म्हणून तर आलोय इथे."

आधीचं गिऱ्हाईक गेलं. चिमटीने कानस खाली ठेवली, हात फडक्याला पुसले. ती बापाकडे बघत होती आणि काका भिंतीवरच्या चाव्यांकडे.

"बोला," ती म्हणाली. 

"बाई, हे कुलूप उघडून मिळेल का?"

"किल्ली?"

"नाही."

"तार घालून बघितली होती का कोणी?"

"बघितली होती एकाने," काका म्हणाले. "अडाणी होता."

चिमटीने ओठ दाबून धरले. दार ओढून घेतलं, कुलूप बोटाने टिचकी मारून बघितलं. मग बापानेच तिला लहानपणी शिकवलेला धंद्याचा नियम तिला आठवला असावा, कारण तिने दार पुन्हा काकांच्या गुडघ्यांवर सरकवलं.

"कुलूप तुमचंच कशावरून?"

"काय?"

"किल्ली नाही. दार काखेत घेऊन आलात, तेही बिजागऱ्या काढून. असं कोणाचंही कुलूप उघडत नाही आम्ही. घरातलं मोठं माणूस घेऊन या. त्यांनी 'आमचं आहे' म्हटलं की उघडून देते."

"अगं पण..." काका अर्धे उठले. घरातलं मोठं माणूस म्हणजे कोण, आणि ते या कपाटाबद्दल काय साक्ष देईल, हे त्यांना स्वच्छ दिसलं. काकू गल्लीच्या मध्यावर उभ्या राहून सांगतील, की हे दार मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही, आणि या गृहस्थांनाही नाही.

"नियम म्हणजे नियम," चिमटी म्हणाली. "पुढचे कोण आहेत?"

काकांनी दार पुन्हा काखेत मारलं. दोन पावलं गेले, तोच चष्मेवाला मागून आला. "काका, झालं का काम? आणि माझ्या आरशाचं काय?"

"ते आता मालकांना विचार," चावीकाका म्हणाले. "पण जरा जपून बोल हं. फार कडक आहेत. ओळखपाळख काही बघत नाहीत."